कुंपण आणि कोंबडी: परसातील पाळणुकीने शिकवलेले काही

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील खेड्यांत कोंबडी पाळणे हा बहुतेक घरांत स्वतंत्र धंदा नसतो. घरामागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे परसात, पाच-दहा कोंबड्या सोडायच्या, उकिरडा उकरून आणि सांडलेले धान्य टिपून त्यांनी आपले पोट भरायचे, आणि दिवस मावळताना त्या खुराड्यात शिरल्या की दार लावून घ्यायचे, अशी ही रीत असून तिलाच पशुसंवर्धनाच्या परिभाषेत परसातील कुक्कुटपालन असे म्हणतात. या रीतीत खाद्याचा खर्च थोडा असतो, अंड्यांचा आणि कोंबड्यांचा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती राहतो, आणि हे सारे ज्यावर उभे असते तो कोंबडीचा मोकळेपणाच शेजाऱ्याच्या वाफ्यापर्यंत पोहोचला की घरादारात कलहाचे कारण होतो. कोंबडी कुंपणावरून जाऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न म्हणूनच वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. या दोन जिल्ह्यांच्या परिसरात अनेक वर्षे मोकळ्या कोंबड्या पाळताना जे चुकले आणि जे साधले, त्याचा हा आढावा आहे.

या प्रश्नाची पहिली गफलत अशी की पाळक कोंबडीकडे न पाहता कुंपणाकडे पाहतो. सुरुवातीच्या वर्षांत प्रस्तुत पाळकानेही तेच केले. कोंबड्या विटांच्या भिंतीवरून जातात असे दिसताच भिंतीवर विटांचे दोन थर चढवले गेले, पुढच्या वर्षी आणखी एक थर चढला, आणि तरीही कोंबड्या पूर्वीइतक्याच सहजतेने पलीकडे दिसत राहिल्या. कारण लक्षात यायला बराच काळ गेला. कोंबडी घारीसारखी हवेत तरंगत नाही. तिच्या छातीचे स्नायू अल्पकाळ जोर करून लवकर थकणारे असतात, त्यामुळे ती एका झेपेत कुंपण ओलांडण्याऐवजी आधी कुंपणाच्या माथ्यावर जाऊन बसते, तेथून पलीकडचा अंदाज घेते आणि मग खाली उतरते. ज्या माथ्यावर तिचे पाय टेकतात असे कुंपण तिच्या दृष्टीने पायरी असते. विटांची रुंद भिंत, लाकडी आडवी पट्टी, लोखंडी नळीची चौकट ही सारी तिला बसायला उत्तम स्थाने असून, भिंत उंच करणे म्हणजे तीच बैठक थोडी वर नेणे एवढेच घडत होते.

त्यातही भिंतीच्या आतल्या बाजूला काय ठेवले आहे, हे उंचीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरले. कडब्याची गंज, रचलेल्या गोवऱ्या, उभी केलेली बैलगाडी, पाण्याची टाकी, सरपणाचा ढीग यांपैकी एक जरी वस्तू कुंपणालगत असली, तरी सहा फुटांच्या भिंतीची उंची कोंबडीसाठी दोन-अडीच फूटच उरते. एका उन्हाळ्यात केवळ सरपणाचा ढीग परसाच्या मध्यभागी हलवल्यावर बाहेर जाणाऱ्या कोंबड्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली, आणि त्या एका कामाने विटांच्या तिन्ही थरांपेक्षा जास्त उपयोग केला.

या प्रश्नाला गावाच्या बांधणीचाही संबंध आहे, हे लातूर जिल्ह्यात विशेष जाणवते. जुन्या गावठाणात दगडमातीच्या जाड भिंतींची घरे एकमेकांना खेटून असत आणि त्यांवर माळवद असे. माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. कोंबड्या जिन्यावरून माळवदावर चढत, एका घरावरून दुसऱ्या घरावर जात, बोळांतून फिरत, आणि पिके गावाबाहेर असल्यामुळे त्यांच्या भटकण्याचे कोणाला फारसे वावगे वाटत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे त्याच दगडमातीखाली गेली, आणि त्यानंतर अनेक गावे नव्या जागी वसली. तेथे रस्ते रुंद झाले, घरे सुटी झाली आणि प्रत्येक घराला स्वतःचा मोकळा भूखंड मिळाला. हा बदल माणसांच्या जिवासाठी आवश्यकच होता. पण त्याबरोबर घराशेजारीच मेथी-कोथिंबिरीचे वाफे आले, भिंतीच्या जागी तारेचे कुंपण आले, आणि कोंबडीला पलीकडची हिरवळ तारेतून दिसू लागली. जुन्या गावात कोंबडीचे फिरणे सर्वांच्या सोयीचे होते, तर नव्या वसाहतीत ते एका घराचे दुसऱ्या घरावरचे अतिक्रमण मानले जाऊ लागले, ही गोष्ट अशा वसाहतींत कोंबड्या पाळणाऱ्यांना सोसावी लागली.

कुंपणासंबंधीचा सर्वांत मोलाचा धडा मात्र कोणत्याही नव्या साधनातून आला नाही. तुरीचे पीक काढल्यावर उरणाऱ्या वाळलेल्या काड्यांना तुराट्या म्हणतात. लातूरची बाजारपेठ तुरीसाठी आणि तेथील डाळगिरण्यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे तुराट्यांची या भागात कमतरता नसते. त्या उभ्या रोवून आणि आडव्या काड्यांनी किंवा सुतळीने बांधून जो आडोसा करतात त्याला कूड म्हणतात. विटांची भिंत चढणाऱ्या त्याच कोंबड्या पाच-साडेपाच फुटांच्या कुडापुढे थांबतात, हे प्रथम पाहिले तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. कुडाचा माथा वरखाली असतो, त्याची टोके बारीक आणि लवचिक असतात, तेथे कोंबडीचे वजन पेलत नाही आणि पायाची पकडही बसत नाही. शिवाय दाट कुडातून पलीकडचे काही दिसत नसल्यामुळे तिकडे जाण्याची ओढही कमी होते. या निरीक्षणानंतर विटांच्या भिंतीवर आणखी थर न चढवता तिच्या माथ्यावर दीड फूट उंचीची सैल जाळी, वर कोणतीही आडवी पट्टी न देता आणि आतल्या बाजूला किंचित झुकवून लावण्यात आली. माथा हलू लागला की कोंबडी त्यावर उतरण्याचे टाळते, हे तत्त्व कूड बांधणाऱ्या पिढ्यांना शब्दांत मांडता आले नसले तरी हाताने ठाऊक होते.

जाळीच्या बाबतीत दोन सावधगिऱ्या अनुभवाने शिकवल्या. नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयात मासेमारी होते, आणि अशा ठिकाणच्या मासेमारांनी टाकून दिलेली जुनी जाळी परसासाठी स्वस्तात मिळू शकते. पण तिची घरे मोठी आणि दोरा बारीक असल्यास कोंबडीचा पाय किंवा मान त्यात अडकते, म्हणून ती जमिनीलगत न वापरता केवळ वरच्या भागात आणि ताणून लावावी लागते. दुसरी गोष्ट वळवाची. मे महिन्यातील वादळी वारे नीट न बांधलेली जाळी खांबांसह आडवी करतात, आणि जाळी पडली की आठवडाभर तिकडे लक्ष न देणाऱ्या पाळकाला कोंबड्यांची नवी सवय मोडायला पुढे महिना लागतो.

कुंपणाने भागत नाही तेव्हा बहुतेक जण पंख छाटण्याकडे वळतात, आणि येथे अज्ञानाची किंमत कोंबडीला मोजावी लागते. पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे साधारण दहा लांब पिसे असतात; उड्डाणाचा जोर त्यांच्यातून मिळतो म्हणून त्यांना उड्डाणपिसे म्हणता येईल. त्यांच्या आतल्या बाजूला, अंगाकडे, दुय्यम पिसे असतात आणि पंख मिटल्यावर उड्डाणपिसे त्यांच्याखाली झाकली जातात. छाटायची असतात ती केवळ उड्डाणपिसे, तीही फक्त एका पंखाची. एकाच बाजूचा जोर कमी झाला की झेप घेताना तोल जातो आणि कोंबडी उंच चढू शकत नाही. दोन्ही पंख सारखे छाटले तर तोल कायम राहतो आणि हलक्या वजनाची कोंबडी थोडा अधिक जोर लावून पुन्हा कुंपणावर पोहोचू शकते. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखांप्रमाणे निर्जीव असते, त्यामुळे ते नीट कापल्यास कोंबडीला वेदना होत नाही. रात्री खुराड्यात कोंबडी शांत असताना तिला अंगाशी धरून, पंख उलगडून, बुडाजवळच्या लहान पिसांच्या थोडे पुढे धारदार कात्रीने कापावे, ही रीत पुढे कायम झाली.

परंतु ती कायम होण्याआधी दोन चुका घडल्या. पहिली चूक ऋतूची होती. कोंबडी साधारणपणे वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी धारण करते. दिवस लहान होऊ लागल्यावर सुरू होणारी ही प्रक्रिया दोन-तीन महिने चालते आणि तिला पीसगळ म्हणतात. कापलेले पीस मध्येच वाढत नाही, ते पीसगळीतच पडते आणि त्याच्या जागी पूर्ण नवे पीस येते. म्हणून छाटणी वर्षाला एकदा करावी लागते, आणि ती नवी पिसे पूर्ण वाढल्यावर करायची असते. नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असते आणि तो देठ गडद, निळसर दिसतो. एका वर्षी पीसगळ संपण्याची वाट न पाहता छाटणी केली गेली, असे एक पीस कापले गेले, आणि रक्त थांबवण्यासाठी हळद दाबून धरत बराच वेळ बसावे लागले. ती कोंबडी वाचली. पण पुढे हाताला येईनाशी झाली. पाळलेल्या पक्ष्याचा विश्वास गमावणे म्हणजे काय, ते त्या प्रसंगाने कळले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती, आणि या सर्व अनुभवाला वळण देणारी तीच ठरली. शेजाऱ्याच्या तक्रारीला कंटाळून एका संध्याकाळी परसातील सर्व कोंबड्यांचे दोन्ही पंख एकदम छाटण्यात आले. त्या कोंबड्यांना रात्री खुराड्यात न शिरता परसातील लिंबाच्या खालच्या फांदीवर बसण्याची सवय होती. रानकोंबड्याच्या कुळातून आलेला हा पक्षी रात्र उंचावर काढू पाहतो, कारण जमिनीवरची रात्र त्याच्यासाठी धोक्याची असते. पंख छाटलेल्या कोंबड्या दुसऱ्या रात्री फांदीवर चढू शकल्या नाहीत, बुंध्याशी गोळा होऊन बसल्या, आणि सकाळी त्यांतील चार कोंबड्यांची केवळ पिसे उरली होती. ते काम मुंगसाचे होते की भटक्या कुत्र्यांचे, याने फरक पडत नव्हता. ज्या पंखांमुळे त्या शेजाऱ्याच्या वाफ्यात जात होत्या त्याच पंखांमुळे त्या जिवंतही राहत होत्या, आणि ते काढून घेणाऱ्याने त्यांच्या जागी दुसरे संरक्षण दिले नव्हते. पंख छाटणाऱ्याने त्या दिवसापासून कोंबडीच्या रात्रीची जबाबदारी स्वीकारलेली असते, हे तत्त्व तेव्हापासून या परसात नियम म्हणून पाळले गेले. बंद होणारे खुराडे, त्यात जमिनीपासून दोन फुटांवर बसण्याची दांडी आणि तेथवर जाणारी उतरती फळी तयार झाल्याशिवाय कात्री हाती घ्यायची नाही, असा तो नियम होता. काही ठिकाणी पंखाचा शेवटचा सांधाच कापून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो पक्ष्याला कायमचे अपंग करणारा असून, प्राण्यांना निर्दयपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या हेतूलाही तो विसंगत आहे. तो कधीही मानू नये.

या घटनेनंतर प्रश्न उलट बाजूने पाहिला गेला: कोंबडी बाहेर कशी जाते यापेक्षा ती का जाते. काही महिने प्रत्येक बाहेर जाण्याची वेळ आणि दिशा लक्षात ठेवल्यावर कारणे एकेक करून उघड झाली. सकाळच्या वेळी पलीकडे जाणारी कोंबडी बहुधा अंडे घालायला आडोसा शोधत असे. परसात एकही अंधारी, शांत जागा नसल्यामुळे एक तलंग, म्हणजे नुकतीच अंड्यावर येणारी तरुण कोंबडी, शेजारच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात रोज जात होती, आणि कपाशीच्या त्या वाळक्या काड्या सरपणासाठी उपसल्या तेव्हा त्यांखाली अंड्यांचा साठा सापडला. जुन्या डालग्यात, म्हणजे कोंबड्या झाकण्याच्या बांबूच्या टोपल्यात, भुसा अंथरून ते आडवे कोपऱ्यात ठेवल्यावर आणि त्यात एक अंडे खुणेसाठी राहू दिल्यावर हे जाणे थांबले. खुडूक झालेली कोंबडी, म्हणजे अंडी उबवण्याच्या अवस्थेत आलेली कोंबडी, आडोसा नसेल तर सर्वांत हट्टाने बाहेर जाते. तिला एकवीस दिवस निवांत जागा दिली तर ती कुंपणाकडे पाहतही नाही.

दुपारचे बाहेर जाणे उन्हाचे आणि पाण्याचे असे. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. चोच उघडी ठेवून आणि पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारी कोंबडी शेजारच्या ओल्या बांधाकडे जाणारच. ज्या लातूर शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात कोंबड्यांच्या भांड्यातील पाणी दुपारी आटणे ही गोष्ट माणसांच्या धावपळीत सहज नजरेआड होते. सावलीत ठेवलेली मातीची दोन पसरट भांडी आणि ओले गोणपाट टाकलेला आडोसा एवढ्याने उन्हाळ्यातील भटकणे पुष्कळ कमी झाले. संध्याकाळचे जाणे भुकेचे होते. ज्वारीचा भरडा, तांदळाची कणी आणि डाळगिरणीतून मिळणारी तुरीची चुनी, म्हणजे डाळ करताना पडणारा बारीक चुरा, यांचे मिश्रण रोज एकाच वेळी खुराड्यात, ती-ती-ती अशी हाक देऊन घातले जाऊ लागले. काही आठवड्यांत त्या हाकेला कोंबड्या कुठूनही परत येऊ लागल्या, आणि हाक हेच सर्वांत दूरवर पोहोचणारे कुंपण ठरले.

याच निरीक्षणातून वेळेचे गणित बसले. बहुतेक कोंबड्या सकाळच्या प्रहरात अंडे घालतात, म्हणून त्यांना उशिरा, अंडी पडल्यावर सोडायचे. शेजारी पेरणी चालू असताना, म्हणजे जूनमध्ये सोयाबीनच्या आणि पावसाळा सरल्यावर हरभऱ्याच्या वेळी, कोंबड्या पेरलेले दाणे उकरतात म्हणून त्या दिवसांत फक्त दिवस मावळण्याआधीचे दोन तास सोडायचे, कारण त्या वेळी त्या खुराड्यापासून फार दूर जात नाहीत. आणि नव्या आणलेल्या कोंबड्या आठ-दहा दिवस आतच ठेवायच्या, म्हणजे घर कोणते ते त्यांच्या मनात पक्के होते.

जात कोणती पाळावी, यानेही बराच फरक पडतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा ही जात देशी कोंबडीपेक्षा वजनदार असल्यामुळे चार फुटांचे कुंपणही तिला सहसा पुरते. हलकी देशी कोंबडी आणि मध्य प्रदेशातील झाबुआ भागातून आलेली कडकनाथ यांना मात्र सहा फुटांची तयारी ठेवावी लागते. परंतु जी चांगली उडते तीच मुंगूस आणि घार यांच्यापासून स्वतःला वाचवते आणि पिलेही नीट वाढवते, म्हणून केवळ कुंपणाच्या सोयीसाठी देशी कोंबडी टाकून देणे हा घाट्याचा सौदा आहे.

कुंपणाला अलीकडे आणखी एक अर्थ आला आहे. जानेवारी 2021 मध्ये नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांचा बर्ड फ्लूने मृत्यू झाला, आणि जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांत हाच रोग आढळला. जेथे रोग सापडतो तेथून एक किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या नष्ट केल्या जातात, त्यामुळे एका परसातील मोकळीक साऱ्या वस्तीच्या परसांना भोवू शकते. दोन घरांच्या कोंबड्या एकमेकींत मिसळू न देणे आणि दाणापाणी उघड्यावर, कावळ्या-चिमण्यांच्या वाट्याला येईल असे न ठेवणे ही आता शेजारधर्माचीच बाब आहे. राणीखेत, म्हणजे ज्याला या भागात मानमोडी म्हणतात, त्या रोगाचे लसीकरणही शेजारच्या घरांनी एकाच वेळी केले तर अधिक उपयोगी पडते. ज्या शेजाऱ्याशी मेथीच्या वाफ्यावरून दोन वर्षे बोलणे बंद होते, त्याच्याशी पुन्हा संवाद सुरू झाला तो एका सकाळी दोन्ही घरांच्या कोंबड्यांना एकत्र लस देताना. त्यानंतर दोन परसांमधील कूड दोन्ही घरांनी मिळून बांधला, आणि तुराट्या वाळवीने खाल्ल्या की तो दर वर्षी सुगीनंतर दोघे मिळूनच नवा करतात.

या साऱ्या वर्षांचा निष्कर्ष असा की कुंपण ओलांडणारी कोंबडी आपल्या परसात काय कमी आहे ते सांगत असते: आडोसा, पाणी, सावली, दाणा किंवा रात्रीची सुरक्षित दांडी. ती उणीव आधी भरावी, मग कुंपणाचा माथा बसता येणार नाही असा करावा, कुंपणालगतचे ढीग हलवावेत, आणि एवढे करूनही जी कोंबडी जातेच तिच्या एकाच पंखाची उड्डाणपिसे, पीसगळ संपल्यावर, रात्रीच्या निवाऱ्याची सोय करूनच छाटावीत. हा क्रम उलटा करणाऱ्या पाळकाने त्या चार कोंबड्यांची पिसे लक्षात ठेवावीत आणि कात्री उचलण्याआधी खुराड्याचे दार नीट बंद होते की नाही ते पाहावे.